थोरली, धाकटी आणि एक पट्टी

ताईनं दार उघडलं तेच हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. "आणलीस?"

धाकटीनं पिशवी पुढे केली. आत टॉवेलात गुंडाळलेली जुनी हार्ड डिस्क होती, विटेसारखी जड, आणि तिच्यावर आईच्या अक्षरातली चिठ्ठी: 'धाकटी'. सहा वर्षांत ती ताईच्या घराची पायरी पहिल्यांदाच चढत होती. सकाळी फोनवर ताईनं ना खुशाली विचारली, ना आणखी काही. डिस्क घेऊन ये, आत्ताच्या आत्ता, एवढंच. कशाला, ते काही केल्या सांगेना. पण आवाज असा, जणू परीक्षेत पहिली आली होती. नाही नाही म्हणत धाकटीनं बस पकडली.

रुसव्याचं मूळ ही डिस्कच होती. आई घरच्या घरी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची. ती गेल्यावर तिचा स्वतःचा कॉम्प्युटर दोघींनी उघडला, तर आत दोन डिस्क आणि दोन चिठ्ठ्या. एकीवर 'थोरली', दुसरीवर 'धाकटी'. आईचं अक्षर, म्हणजे आईचीच वाटणी. प्रश्नच मिटला. दोघींनी आपापली उचलली. ताईची पहिल्या झटक्यात सुरू झाली. धाकटीची हूं की चूं करेना. दुकानात न्यायचं तिला जिवावर आलं. आईनं आपल्याला बंद पडलेली दिली, हे परक्याच्या तोंडून कशाला ऐकायचं? मग एकदा रागाच्या भरात ती ताईलाच म्हणाली, लाडकी कोण ते कळलं हो मला. ताई तरी कुठली ऐकून घेणारी! शब्दानं शब्द वाढला आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

आता टेबलावर ताईचा नवा कोरा कॉम्प्युटर पोट उघडून आडवा पडला होता. भाऊजी टॉर्च धरून उभे होते आणि दोन बहिणींच्या मध्ये येऊ नये म्हणून भिंतीला चिकटले होते. नव्या मदरबोर्डवर जुन्या डिस्कला जागाच नव्हती. सगळी तोंडं चिंचोळी, आणि आईच्या जमान्यातली केबल म्हणजे चांगली रुंद पट्टी. दुकानदारानं मधे बसवायला एक बोटभर कार्ड दिलं होतं. ताईनं ते बसवलं, आणि मग ड्रॉवरमधून आईची जुनी पट्टी काढून धाकटीसमोर धरली.

"हे बघ. सकाळी सापडलं."

पट्टीला दोन डिस्कसाठी दोन तोंडं होती. टोकाच्या तोंडावर चिठ्ठी होती 'थोरली', मधल्यावर 'धाकटी'.

धाकटीला हसावं की रडावं कळेना. "घ्या! केबलचीही वाटणी? आण कात्री, माझा अर्धा तुकडा घेऊन जाते."

सकाळी आपणही हेच म्हणालो, असं ताई म्हणाली, आणि तिचे डोळे नुसते चमकत होते. टोकाला तिनं आपली डिस्क लावली. मधल्या तोंडासाठी हात पुढे केला. धाकटीनं डिस्क छातीशी धरली. तो काळा पडदा पुन्हा बघायची तिची छाती नव्हती. एकदा आईनं नाही म्हटलं, तेवढं पुरे होतं तिला. पण ताईचा हात काही मागे जाईना, आणि शेवटी तिनं डिस्क दिली.

ताईनं बटण दाबलं. एक डिस्क घरघरली. मग तिच्या शेजारी दुसरी, जरा खोकल्यासारखी, पण घरघरली. पडद्यावर एका डिस्कचं नाव आलं. धाकटीनं श्वास रोखला. खाली दुसरं नाव आलं.

भाऊजींच्या हातातली टॉर्च खाली पडली, तिकडे कुणी बघितलंही नाही. दुसऱ्या डिस्कमध्ये फोटोच फोटो होते. दोन वेण्यांतली ताई, दात पडलेली धाकटी, आणि आईचा आवाज साठवलेल्या कितीतरी फायली. धाकटी एकसारखी म्हणत होती, अगं, पण ही बंद होती ना? सहा वर्षं बंद होती ना?

ताईनं कार्डाबरोबरचा कागद तिच्यापुढे ठेवला. एका पट्टीवर दोन डिस्क असल्या की एकीला मास्टर, म्हणजे मुख्य, करायचं आणि दुसरीला स्लेव्ह. डिस्कच्या पाठीवरची इवलीशी पिन त्यासाठीच असते. आणि दुसरी एकटी लावली, तर ती बरेचदा बोलतच नाही.

"स्लेव्ह म्हणजे गुलाम," ताई म्हणाली. "आठवतं? आईला हा शब्द घरात चालायचा नाही. मग ती काय म्हणायची?"

धाकटी चिठ्ठ्यांकडे बघत राहिली, आणि तिला एकदम आईचं टेबल आठवलं. आई मान खाली घालून, स्वतःशीच बोलत केबल लावायची. थोरली इथं, धाकटी तिथं. ते ऐकून दोघी हातातलं टाकून धावत यायच्या, काय गं आई, काय झालं? आणि आई मान वर न करता म्हणायची,

"तुम्हाला नाही गं पोरींनो. डिस्कना म्हणतेय."