मोठ्याने घ्यायचं नाव

जमीनदाराने तीन दिवस कोठारात कोंडून ठेवलेल्या मतदारांना चौथ्या दिवशी सकाळी गाडीत घालून मतदानाला आणलं. आयर्लंडमधल्या त्या छोट्या गावातून एक खासदार निवडला जायचा, आणि मत द्यायचं ते सगळ्यांदेखत, उमेदवाराचं नाव मोठ्याने घेऊन.

त्यांतला खोगिरं शिवणारा मॅलकी चौथऱ्यावर चढला. जमीनदाराचा कारभारी शेजारीच उभा होता.

"मालकांच्या पुतण्याचं नाव घे. नाहीतर संध्याकाळपर्यंत घर खाली कर," तो हलकेच म्हणाला.

समोर सगळं गाव लोटलं होतं; बहुतेकांना मताचा हक्क नव्हता, पण सगळे पुतण्याच्या विरोधात होते. पुतण्याचं नाव घेतलं, तर उद्यापासून यांतलं कुणी मॅलकीच्या दुकानाची पायरी चढणार नव्हतं.

"बोल लवकर!" मतं नोंदवणारा कारकून खेकसला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मॅलकीची बायको ओनर पुढे आली. कडेवर तान्ही पोर होती. तिने कारभाऱ्याच्या हातात घराची किल्ली ठेवली.

"सामान बाहेर काढलंय. चूलही विझवलीय," ती म्हणाली. "आता माझ्या नवऱ्याला त्याच्या मनातलं नाव घेऊ द्या."

मॅलकीला रडू फुटलं. पण विरोधी उमेदवाराचं नाव त्याने खणखणीत घेतलं.

तरी पुतण्याच निवडून आला. ते कळलं तेव्हा मॅलकी रस्त्याकडेला सामानाच्या ढिगावर बसला होता.

"आता कुठे जायचं गं?" त्याने विचारलं.

"कुठेही," ओनर म्हणाली. "तू म्हणशील तिकडे."