जावयाची बैठक

मी अंदमानच्या बेटांमधून माझ्या शिडाच्या बोटीवर फिरत होतो, तेव्हा नल्लकुंट्याहून आई, बहीण रेणू आणि दाजी, म्हणजे रेणूचा नवरा, माझ्याकडं राहायला आले. आल्या आल्या मी बजावलं, "बोट वळली की शिडाचा हा आडवा दांडा सपकन दुसऱ्या बाजूला जातो. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वीतभर वरनं जातो, पण उभं राहिलात तर कवटी फुटेल."

दुसऱ्या दिवशी सुकाणू शिकताना रेणूनं बोट जरा जास्तच वळवली आणि दाजींच्या शर्टावर चहा सांडला. त्यांनी आमच्यासमोर तिच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला, दात तिच्या हातात आला. "पुन्हा सुकाणू धरलंस तर हात तोडून समुद्रात फेकीन," म्हणाले आणि खाली जाऊन झोपले. मी त्यांच्यामागं धावलो, तर आईनं माझं मनगट धरलं.

"नक्को, सबर कर. जावई आहेत. अधिक महिना आहे, त्यांचा मान राहू दे."

दुपारी आईनं पुरणाचे धोंडे तळले. बोटीवरच्या सगळ्या गाद्या शिडाजवळ एकावर एक रचून वर शाल अंथरली. "जावयाची बैठक सगळ्यांपेक्षा उंच हवी," म्हणत दाजींना आग्रहानं त्यावर बसवलं. दाजी खूश होऊन जेवायला लागले.

मग आईनं मला सुकाणूवरून उठवलं, माझ्या जागी रेणूला बसवलं आणि शांतपणे म्हणाली,



"आता वळव."