मर्क्युरीचा उजेड

जवळा बाजार गावातल्या खांबांवर एलईडी दिवे आले, तसे तातेरावांनी उतरवलेले जुने मर्क्युरी दिवे चोकसकट घरी आणले. तोच त्यांचा छंद झाला. रोज दिवस मावळला की ते स्टुलावर चढून ओसरीत एखादा दिवा जोडायचे आणि जुन्या दिव्यांच्या गावोगावच्या शौकिनांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचे. डुगडुगणारं स्टूल आशाबाई खाली बसून धरायच्या. "धर" आणि "सोड", नवऱ्याचे दिवसभरातले एवढेच दोन शब्द बायकोच्या वाट्याला यायचे.

त्या संध्याकाळी दिवा आधी मंद जांभळट पेटला. चोक घुमू लागला.

"घाई केलेली चालत न्हाई ह्याला," तातेराव फोनवर हसत सांगत होते. "बघा, आता कसा खुलून राहिला!"

"काका, एवढं सगळं एकट्यानं करता?" पलीकडून कुणीतरी विचारलं. "घरात मदतीला कोणी नाही का?"

"न्हाई ना. एकलाच असतो मी," तातेराव सहज बोलून गेले.

खाली स्टूल धरून बसलेल्या आशाबाईंनी ते ऐकलं.



त्यांना त्यात काहीच खोटं वाटलं नाही.