मोटंची जोडी

हिरीवर तेलाचं इंजान बसलं आन् आबा म्हणलं, "आता मोट वढाया दोन बैल कशाला?" हरण्याला घरी ठिवलं आन् लंगडणाऱ्या पाखऱ्याला विट्याच्या बाजारात इकलं. त्याचा पाय बरा व्हावा म्हणून फऱ्यावर तापल्या इळ्यानं चंद्रकोरीगत डाग दिल्याला. तवा त्याचं मुंडकं मीच धरलं हुतं. लय दिस मी आबाशी बोललो न्हाई.

पुढं लढाईपायी इंजनाला तेल मिळंना. ऊस वाळाया लागला. कातड्याची जुनी मोट तर पडून पडून उंदरांनी खाल्ली हुती.

मी आबाच्या अंगावर वरडलो, "आवं, जावा की बाजाराला! नवी मोट आणा आन् माझा पाखऱ्याबी माघारी आणा!"

"घावला तर आणतो रं," आबा म्हणलं.

दिस मावळताना आबा एकटंच आलं. खांद्यावर नवी मोट हुती, हातातल्या दाव्याला कोणच न्हाई.

"पाखऱ्या कुठाय?"

"आणलाय," आबा खाली बघत म्हणलं.

"मला येडा समजता व्हय?" मी त्यांच्या खांद्यावरची मोट वढली आन् अंगणात फेकली. ती हरण्याच्या पुढ्यात उलगडली.

हरण्यानं मान लांब करून कातडं हुंगलं,



आन् त्यावरची चंद्रकोर चाटाया लागला.