पूर्ण नाव

"आई, हात बाजूला घे," असं म्हणत प्रितीने पोळ्यांच्या डब्यावर क्यूआर कोडचा स्टिकर चिकटवूनच टाकला.

कमलाबाईंनी हात घेतला, पण तोंड फिरवलं. भायखळ्यापासून शीवपर्यंतच्या फेरीवाल्यांना मोबाइलवर पैसे घ्यायला शिकवायचं, ही प्रितीची नोकरी. नारळवाले, गजरेवाल्या, चाव्या बनवणारा, सगळ्यांना तिने पटवलं होतं. सख्खी आई तेवढी दाद देत नव्हती. लोकांना वाटायचं, मावशींना मोबाइल जमत नाही. रोज रात्री बहिणीशी तासभर व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या बाईला काय जमत नाही!

खरं कारण मायलेकींनाच ठाऊक होतं. घोडपदेवच्या चाळीत पुरणपोळ्या करून कमलाबाई दादरच्या फुटपाथवर विकायच्या. पोळी इतकी मऊ, की एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा यायचंच. इथे त्या सगळ्यांच्या मावशी. आडनाव कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या आईची खानावळ जोरात चालायची, ती आडनाव कळल्यावर महिन्याभरात ओस पडली होती. ती भीती कमलाबाईंच्या मनातून कधी गेलीच नाही.

"नुसतं 'पोळी केंद्र' टाक ना," त्यांनी सुचवून पाहिलं होतं.

"टाकते. पण पैसे पाठवताना बँकेतलं नाव दिसतंच गं. कमल राजाराम कांबळे."

इकडे रोख पैसे कुणाच्या खिशात उरले नव्हते. "स्कॅनर नाही?" म्हणत गिऱ्हाइकं पुढे जायची. डबा अर्धा भरलेला घरी परत यायला लागला, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

आणि पहिल्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या काकू आल्या. नेमक्या ह्याच! काकूंचं बोलणं एकदम शुद्ध, साडी कडक इस्त्रीची. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं पहिल्याच भेटीत विचारणाऱ्या ह्या एकट्याच. तेव्हा "इथल्याच" म्हणून कमलाबाईंनी वेळ मारून नेली होती. काकूंच्या हातात कायम भारीतला फोन, पण पैसे मात्र त्या रोखच द्यायच्या. आजही त्यांनी पर्स उघडली. मग स्टिकर दिसला. त्यांनी पर्स बंद केली आणि फोन पुढे धरला.

स्क्रीनवर आलेलं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"कमल राजाराम कांबळे. तुम्हीच का?"

कमलाबाईंना एकदम स्वतःचाच राग आला. आपल्याच नावाला इतकी वर्षं भ्यायचं म्हणजे काय! त्या ताठ बसल्या.

"हो. मीच. पोळ्या नको असतील तर राहू द्या."

काकूंनी पैसे पाठवले. कमलाबाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी उचलून पाहिलं, तर पाठवणाऱ्याचं नाव होतं, सुनंदा वाघमारे.

"पाठवणाऱ्याचंही नाव दिसतं ना त्यात," काकू हळूच म्हणाल्या. "म्हणून तर मी रोख द्यायचे."

मग त्यांनी पोळ्यांची पिशवी उचलली आणि सगळ्या फुटपाथला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येते. जयभीम, कमलताई!"