कौसाबाई पुलाला जाते

लग्नातलं लुगडं नेसून, कपाळभर हळद फासून कौसाबाई सकाळी मरायला निघाली, ती थेट लष्कराच्या तंबूपुढं येऊन थांबली. हवालदार भगवंत दाढी करत होता. अर्धं तोंड साबणात.

"पुलाला माणूस पाहिजे ना?" ती म्हणाली. "मी आलंय. पोरांना हात लावायचा नाय."

अठ्ठेचाळीस सालचा माघ. बदलापूरच्या पुढं बारवी नदीवर सफरमैना पलटण महिनाभर लाकडी पूल बांधत होती. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी माणसांना कल्याणच्या बराकी पुरेनात. नव्या खोल्यांना दगड हवा होता, आणि दगड नदीपलीकडं, कौसाबाईच्या ठाकूरवाडीमागं. काल दोन शिपाई वाडीत आले आणि सगळ्या लेकरांची नावं कागदावर लिहून घेऊन गेले. आज पूल पुरा व्हायचा होता.

नवा पूल माणूस मागतो, हे वाडीतलं अंगावर पिणारं पोरही जाणतं. मग नावं कशाला लिहिली, ते वेगळं सांगायला नको होतं. पदू भगत म्हणाला, "तिकडं माणसांनी माणसां कापली हजारांनी. यांना एका पोराचं काय?" दिवस मावळायच्या आत वाडीनं पोरं डोंगरात नेली. कौसाबाई तेवढी मागं राहिली. ती सुईण. वाडीतलं एकूण एक पोर तिच्या हातावर उतरलेलं. एकदा तिनं वाघिणीचंही बाळंतपण केलं होतं. वाघिणीनं चोळीचा खण दिला नाही, एवढीच तिची तक्रार. आपण बाहेर काढलेलं पोर ती पुन्हा मातीत जाऊ देणार नव्हती.

"आजी, बसा आदी," भगवंत गोंधळून म्हणाला. "च्या घ्या."

चहा आला, पुऱ्या आल्या, शिरा आला. बकऱ्यालाही आधी पाला घालतात, हे तिला ठाऊक होतं. सात पुऱ्या खाल्ल्या. उपाशी गेलं तर पूल कच्चा राहायचा. म्हातारीला ताप असेल म्हणून पलटणीच्या कंपाउंडरनं नाडी धरली, तर तिनं आपणहून तोंड उघडलं.

"सोळा दात हायत. सगळं हाललेलं नायत. लिव्हून घे."

तेव्हा कुठं भगवंतच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आजे, आगं ती यादी दुधाची! पोरामागं दुधाच्या पावडरीचा एक डबा वाटायचाय. पुलाला मानूस-बिनूस काय लागत न्हाई."

कौसाबाई ताडकन उठली. "म्हातारी नको, असं सांग ना तोंडावर! कोवळं पाहिजे तुला!"

शिपाई फिदीफिदी हसले. पलीकडं एक सिंधी बाई दुधाचे डबे मोजून ठेवत होती. छावणीतून डब्यांबरोबर आलेली. सगळे तिला माई म्हणत. तिनं मान वर न करताच म्हटलं, "अमां, पुल को जितने आदमी देने थे, उतने हम उधर दे आए. अब ये किसी से नहीं मांगेगा."

हसणं थांबलं. कौसाबाई तिच्याजवळ गेली.

"मना पटलं, बाई," ती हळू म्हणाली. "पण वाडीला बोललेलं नाय पटायचं. वाडी बघतेय." तिनं डोंगराकडं बोट केलं. प्रत्येक झाडामागं एकेक डोकं होतं.

भगवंतनं तोंड पुसलं, टोपी चढवली आणि अशी आरोळी दिली की अंबरनाथच्या देवळातली वटवाघळं भरदिवसा उडाली. वीसच्या वीस शिपाई पळत आले.

"पलटणीची रीत हाय, आजी. ज्यानं पूल बांदला, त्यानं पैल्या गाडीला पुलाखाली हुबं ऱ्हायाचं. त्याला मानूस पायजेच आसंल, तर आमच्यातला घिऊ दे."

शिपाई गुडघाभर पाण्यात पुलाखाली रांगेनं उभे राहिले. कौसाबाईनं काष्टा आवळला आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

"आजी, भाईर हो!"

"गप रं. मी तुझ्या आधी आलंय."

पुलाचा कस बघायला नदीतल्या दगडगोट्यांनी भरलेला ट्रक पुलावर चढला. पूल असा करकरला की मुरबाडच्या बाजारात बैल बुजले. भुसा पडला, माती पडली, एक खिळा कौसाबाईच्या खांद्याला घासून पाण्यात गेला. कुणी हललं नाही. ट्रक पलीकडं उतरला.

पुलानं कुणाला मागितलं नव्हतं. कौसाबाईनं वीस डोकी दोनदा मोजली, मग स्वतःचं चाचपलं.

"या रं!" ती डोंगराकडं तोंड करून ओरडली. "हा खात नाय!"

पहिली आली आवडी, चार वर्षांची, अंगावर चिंधी नाही. पुलावर चढली नाही. धावत पाण्यात उतरली आणि पुलाखाली एका शिपायाचा पाय धरून उभी राहिली. तिच्यामागं धाकलू, भिकी, बाळी, मग त्यांच्या आया, मग बाप, आणि सगळ्यांत शेवटी पदू भगत, जसं काही त्यानंच सगळ्यांना आणलं. नवा पूल आला की खाली उभं राहायचं असतं, एवढं वाडीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. भगवंत घसा फोडून सांगत होता, आता त्याची गरज नाही म्हणून. ऐकतो कोण!

दुधाची गाडी आली तेव्हा पुलाखाली मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि वर अख्ख्या पुलावर गाडीपुढं चालणारी एकटी माई. खालची गर्दी फळ्यांच्या फटींतून बघून ती गाडीपुढंच थबकली. एवढ्या माणसांच्या डोक्यावरून गाडी न्यायची तिची छाती होईना.

खालून कौसाबाईनं दोन्ही हात वर करून तुळईला लावले. ते पाहून सगळ्या वाडीनं लावले, शिपायांनीही लावले.

"चल, ये बाई!" ती ओरडली. "आम्ही धरलाय!"