गावपळणीचा कौल

महादू कुत्र्याला न्यायला आला तेव्हा धोंडू पडवीत आडवा पडून पीत होता. बिनपरवान्याची गोव्याची दारू, सरहद्दीपलीकडून शिडाच्या पडावातून आलेली.

"तू येत नाय तर नको येव," महादू म्हणाला. "पण कुत्र्याक तरी सोड. गावपळणीक गावात जीवजात रवता नये."

"तुझ्या देवाक सांग, धोंडूक उचलून न्ही म्हणान!"

कुत्र्याने महादूच्या हाताचा लचका तोडला. हातातून रक्त गळत होतं, तरी त्याने दोरी सोडली नाही, कुत्र्याला ओढतच नेलं. पायरीवर गाठोडं बांधणाऱ्या धोंडूच्या बायकोला, आनंदीला वाटलं, एवढा हट्ट कशाला? गेल्या वर्षी दारूच्या डब्यांची बातमी पोलिसांना दिली म्हणून धोंडूने याच महादूची होडी जाळली होती. तेव्हा तर हा तोंडातून चकार शब्द काढू शकला नव्हता.

देवाचा कौल झाला की म्हातारीकोतारी, गुरंढोरं, अगदी खुडूक कोंबडीसुद्धा, सगळा गाव तीन रात्री वेशीबाहेर. ही गावपळण. मागे राहील त्याला भुतं खातात म्हणे. एरवी तीन-चार वर्षांनी येणारी, यंदा लागोपाठ दुसऱ्या वर्षी आली. दाजी गुरवाने कौल सांगितला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. देवासमोर म्हाताऱ्याचा आवाज कापायचाच.

धोंडूला मात्र आयतंच फावलं. रिकाम्या गावात डबे उतरवायला कोणाची नजर नको.

आनंदीलाही तेच हवं होतं. तिला सहावा महिना होता. पहिलं पोर त्याच्या लाथेने गेलं होतं. आज सकाळी त्याने पुन्हा तिच्या पोटावर पाय ठेवला आणि म्हणाला, "ह्यां पण जाताला." त्याची पहिली बायको सीता विहिरीत सापडली, तेव्हा पाय घसरला असं तो म्हणाला आणि गावाने मान हलवली. हौसाबाईने, त्याच्या आईनेसुद्धा. सून मार खाई तेव्हा ही म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसे. आनंदीला नवऱ्याइतकाच तिचाही राग होता.

आत्ताही हौसाबाई विहिरीकडच्या दगडावर कोयता घासत बसली होती. कालपासून घासत होती, मेलं संपतच नव्हतं.

"खोपीक झावळां तोडूची आसत," ती कोणी न विचारताच म्हणाली.

व्हाळापलीकडे, ओढ्याच्या काठावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या आणि रडगाणी गाणारा गाव एकदम लग्नघरासारखा झाला. एकाच टोपात सगळ्यांची आमटी, पोरींच्या फुगड्या. दाजी प्रत्येक खोपीचा दोर ओढून बघत होता. "गाव करी ता राव न करी!" म्हणत होता. आनंदी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती उठली. "लाकडां हाडूक जातंय."

"कोयतो घेवन जा," हौसाबाई म्हणाली. "सुकी बघून हाड. उशीर झालो तरी चलात."

गावात चिटपाखरू नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. धोंडू पडवीत घोरत होता. आनंदीने डोळे मिटून पहिला घाव घातला आणि तो खांद्यावर बसला. तो गुरासारखा ओरडत उठला. तिचे केस धरून त्याने तिला अंगणात फरफटत आणलं, विहिरीच्या कठड्यावर आपटलं.

"सीतेक हयच घातलंय!" तो दात खाऊन म्हणाला. "तूय जा!"

त्याचा गुडघा पोटाकडे आला तशी तिने खालून कोयता चालवला. मग पुन्हा. मानेवर, तोंडावर, जिथे लागेल तिथे. त्याची बोटं केसांतून सुटली, तसं दोन्ही हातांनी तिने त्याला कठड्यावरून ढकललं. पाणी वाजलं. मग गाव पुन्हा गप्प झाला. पोटातलं पोर हललं, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

व्हाळात अंग, लुगडं, कोयता धुऊन ती मोळी घेऊन परतली. बायका चुलीकडे बघत राहिल्या.

"पाय घसारलो मगो तुझो?" हौसाबाईनेच विचारलं. आनंदीने मान हलवली. म्हातारीने आपलं सुकं लुगडं तिच्या अंगावर टाकलं आणि कोयता काढून घेतला. "माशे कापूक होयो," म्हणाली, आणि राखेने घासायला बसली.

परतायच्या सकाळी गाव वेशीवरच्या देवळात जमला. जाताना देव 'जा' म्हणाला होता, आता 'या' म्हणायला हवं. दाजीने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. मग गावात काय विटाळलं ते देवालाच विचारायचं, आणि देव नाव घेतल्याशिवाय राहत नाही. आनंदीला मागे, गर्दीत लपायचं होतं, पण सासूने दंडाला धरून तिला पुढे आणून उभं केलं.

दाजीने गाऱ्हाणं घातलं.

पाकळी पडली. डावी.

तिने स्पष्ट पाहिलं. मानकऱ्यांनीही पाहिलं. दाजीने पाकळीवर तळवा ठेवला आणि बाहेर तोंड करून ओरडला, "उजवो! देवान वाट दिल्यान!"

महादूने फडकं बांधलेल्या हाताने ढोलावर टिपरी मारली. गुरं हलली, माणसं चालू लागली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आनंदीचे पाय जागचे हलेनात. हौसाबाईने तिच्या कमरेला हात घातला आणि तोंड तिच्या कानाशी आणलं.

"चल गो. जाताना पण डावोच पडललो."